गोलंदाजाचा खांदा आणि गावचे गुरचरण

४ ऑगस्ट २०२५ चा दिवस. श्रावणातला दुसरा सोमवार असल्याने महाविद्यालय लवकर सुटले आणि मी चार वाजण्याच्या सुमारास शिवथरला पोहोचलो. वरंध घाटाच्या बाजूने पाऊस उतरत होता. लावणी आटोपलेली असल्याने माणसांना थोडी सवड होती. चहाच्या दुकानात एका मोबाइलभोवती दहा-बारा डोकी जमली होती. लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडला विजयासाठी ३५ धावा हव्या होत्या आणि चार गडी शिल्लक होते. मोहम्मद सिराजने त्यांपैकी तिघांना बाद केले, भारताने सहा धावांनी सामना जिंकला आणि मालिका दोन-दोन अशी बरोबरीत सुटली. त्या आनंदात दुकानदाराने कोणाकडूनही चहाचे पैसे घेतले नाहीत.

आनंद ओसरताच वाद सुरू झाला. सिराज पाचही कसोट्या खेळला, त्याने १८५.३ षटके, म्हणजे १११३ चेंडू टाकले आणि २३ बळी मिळवले. जसप्रीत बुमराह मात्र आधीच ठरवल्याप्रमाणे तीनच कसोट्या खेळला, आणि योगायोग असा की, ज्या दोन कसोट्यांत तो नव्हता त्याच दोन भारताने जिंकल्या. ‘‘सर, एकाला दमायला होत नाही आणि दुसऱ्यालाच कसं होतं?’’ असा प्रश्न एका तरुणाने मला विचारला. हा प्रश्न त्या आठवड्यात देशभर विचारला जात होता. सुनील गावसकर यांनी तर ‘वर्कलोड’ हा शब्दच भारतीय क्रिकेटच्या कोशातून काढून टाकावा, असे सुचवले आणि सीमेवर थंडीची तक्रार न करणाऱ्या जवानांचा दाखला दिला. बुमराहचा प्रश्न दुखापत सांभाळण्याचा आहे, हे त्यांनी वेगळे सांगितले होते; पण लोकांच्या लक्षात जवानांचा दाखला तेवढा राहिला.

गावसकरांविषयी माझ्या पिढीच्या मनात जो आदर आहे तो मतभेदाने कमी होणारा नाही. १९७१ साली पोर्ट ऑफ स्पेनला दातदुखीने हैराण असताना ज्याने एकाच कसोटीत १२४ आणि २२० धावा काढल्या, त्याला सोसण्याविषयी बोलण्याचा अधिकार आहे. १९७५ ते १९८७ या काळात ते लागोपाठ १०६ कसोट्या खेळले. तथापि त्यांच्याच कारकिर्दीतले एक पान या संदर्भात उलटून पाहण्यासारखे आहे.

१९७८ च्या ऑक्टोबरात भारतीय संघ पाकिस्तानला गेला आणि तीन कसोट्या खेळला. परतताच वेस्ट इंडीजविरुद्ध मायदेशी सहा. १९७९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये विश्वचषक आणि मागोमाग चार कसोट्या. त्यांतली शेवटची याच ओव्हलवर ४ सप्टेंबरला संपली, जीत ४३८ धावांचा पाठलाग करताना गावसकरांनी २२१ धावा काढल्या. आणि ११ सप्टेंबरला, म्हणजे अवघ्या एका आठवड्याने, मद्रासला ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका सुरू झाली! ऑस्ट्रेलियाविरुद्ध सहा, पाकिस्तानविरुद्ध सहा आणि सुवर्णमहोत्सवी एक, अशा तेरा कसोट्या १९८० च्या फेब्रुवारीपर्यंत मायदेशात झाल्या. सतरा महिन्यांत एकूण सव्वीस. पुढे वेस्ट इंडीजचा दौरा ठरलेला होता. पाकिस्तानविरुद्धची मालिका खिशात पडल्यावर गावसकरांनी सहाव्या कसोटीपूर्वी नेतृत्व सोडले, कारण त्या दौऱ्यावर जाण्याची इच्छा नसल्याचे त्यांनी कळवले होते; नेतृत्व गुंडाप्पा विश्वनाथ यांच्याकडे गेले. दौरा पुढे रद्दच झाला, ही गोष्ट वेगळी. त्यांच्या मनातले कारण सांगण्याचा अधिकार मला नाही. पण ते वेळापत्रक डोळ्यांपुढे ठेवले तर, तीस वर्षांच्या त्या माणसाने ‘आता पुरे’ म्हटले असेल, तर त्यात त्याचे काय चुकले, असेच कोणीही समंजस वाचक विचारील. त्याला नाही म्हणता आले, याचे कारण तो सुनील गावसकर होता.

माझा मुद्दा येथूनच सुरू होतो. थकवा हा देशभक्तीचा किंवा मर्दुमकीचा प्रश्न म्हणून मांडला की चर्चा लगेच भावनेच्या चिखलात रुतते. वस्तुतः हा हिशेबाचा प्रश्न आहे. सामने ठरवतो एक, त्यांतून उत्पन्न मिळते दुसऱ्याला, आणि झीज होते तिसऱ्याची.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. भाताची कापणी झाली की आमच्या खोऱ्यात रिकाम्या शेतांतून टेनिस चेंडूच्या स्पर्धा सुरू होतात. कसबे शिवथर, कुंभे शिवथर, आंबे शिवथर, खाली महाडपर्यंत गावोगावचे संघ. मुंबईकर मंडळी वर्गणी काढतात, चषक आणतात, रोख बक्षिसे लावतात. माझ्या वर्गातला एक मुलगा वेगवान गोलंदाज म्हणून नावाजलेला. सकाळी एका गावाकडून, दुपारी दुसऱ्या, रात्री दिव्यांच्या उजेडात तिसऱ्या, असे त्याचे रविवार चालले होते. शिमग्याच्या आधी मी त्याला मागणी-पुरवठ्याचा आलेख काढण्यासाठी फळ्याजवळ बोलावले, तर त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. डाव्या हाताने त्याने कशीबशी रेघ ओढली आणि वर्ग हसला. नंतर मी तीन-चार संघांच्या प्रमुखांशी बोललो. प्रत्येकाचे उत्तर एकच आणि प्रत्येकाचे उत्तर खरे: ‘‘सर, आमच्यासाठी त्यानं दोनच षटकं टाकली.’’

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे गुरचरणाचा जुना सिद्धान्त आठवल्यावाचून राहणार नाही. सामाईक कुरणात प्रत्येकजण आपले एकच गुरू जास्त सोडतो. त्याचा लाभ त्याच्या घरी जातो आणि उजाड झालेल्या कुरणाचा तोटा सगळ्यांत वाटला जातो. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली हे मांडले. गोलंदाजाचा खांदा हे आज असे गुरचरण झाले आहे. राष्ट्रीय मंडळ, राज्य संघटना, आयपीएलमधील संघमालक, प्रक्षेपण करणारी कंपनी, सगळ्यांची गुरे त्यावर चरतात आणि कोणाही एकाला विचारले तर त्याचे गुरू फार खात नाही.

आकडेच पाहा. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले, ते ४१० सामने गृहीत धरून. म्हणजे सामन्यामागे सुमारे ११८ कोटी. एवढे मोल असलेला सामना कमी करा, असे सांगणारा माणूस कोणत्याही बैठकीत एकाकीच पडणार. २०२५ साली ८४ सामन्यांची तरतूद असताना ७४ च खेळवले गेले, याचे श्रेय मंडळाला द्यायला हवे. पण वाचवलेले दिवस खेळाडूच्या विश्रांतीसाठी राखून ठेवावेत, असे बंधन कोठे आहे?

यावर असे म्हटले जाते की, आयपीएलमध्ये गोलंदाजाला चारच षटके टाकावी लागतात. त्यात दमायचे काय? येथे शरीरशास्त्र शेतकऱ्याच्या अनुभवाला जाऊन मिळते. धोका एकूण कष्टांत असतो त्यापेक्षा कष्ट एकाएकी वाढण्यात अधिक असतो. चार महिने गोठ्यात उभा असलेला बैल पहिल्याच दिवशी संध्याकाळपर्यंत नांगराला जुंपला तर तो बसतो, हे आमच्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. दोन महिने दिवसाला चार षटके टाकणाऱ्याला पुढच्या पंधरवड्यात दिवसाला वीस टाकायला लावणे म्हणजे तेच. चेंडू टाकताना वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा त्याच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या पायावर आणि कमरेवर येतो. बुमराहची पाठ २०२२ मध्ये गेली, २०२३ च्या मार्चमध्ये न्यूझीलंडला शस्त्रक्रिया झाली. मग ऑस्ट्रेलियात पाच कसोट्यांत दीडशेहून अधिक षटके टाकून आणि ३२ बळी घेऊन २०२५ च्या जानेवारीत तो सिडनीला पुन्हा थांबला. चहाच्या दुकानातल्या तरुणाला मी हेच सांगितले. सिराजचे शरीर वेगळे, बुमराहचे वेगळे. कपिल देव १३१ कसोट्या खेळले आणि दुखापतीमुळे त्यांची एकही चुकली नाही, हे खरे. पण एका कपिल देवांवरून सगळ्यांचे माप काढायचे तर अपवादालाच नियम म्हणावे लागेल.

रमाकांत देसाईंचे काय झाले, हेही मग आठवावे लागेल. मुंबईचा हा ठेंगणा, सडपातळ मुलगा १९५९ च्या फेब्रुवारीत दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी खेळला तेव्हा वीस वर्षांचाही नव्हता. प्रतिपक्षाने ८ बाद ६४४ धावा केल्या आणि त्या डावात या पोराने ४९ षटके टाकली. चार बळीही मिळवले. त्याच वर्षी इंग्लंडचा पाच कसोट्यांचा दौरा. दुसऱ्या बाजूने तोलामोलाचा वेगवान साथीदार बहुधा नसेच, आणि खेळपट्ट्या तर फिरकीसाठी केलेल्या. २८ कसोट्या, ७४ बळी आणि तिशीच्या आत प्रथम दर्जाच्या क्रिकेटलाही निरोप. त्या काळी कोणी वेळापत्रकाला बोल लावला नाही, ‘दमला’ एवढेच म्हणून पुढे गेले. त्यात पैसाही नव्हता, हे आणखी एक.

आज पैसा आहे, आणि तो आहे म्हणून सहानुभूती नको, असे अनेकांना वाटते. कोट्यवधींचा वार्षिक करार आणि वर आयपीएलचे मोल असलेल्या माणसाच्या थकव्याची चिंता आमच्यासारख्या पगारदारांनी का करावी? आक्षेप खोटा नाही. बेन स्टोक्सने २०२२ साली तिन्ही प्रकार खेळणे आपल्याला झेपत नाही असे सांगून एकदिवसीय सामने सोडले, ट्रेंट बोल्टने त्याच वर्षी न्यूझीलंड मंडळाचा करार परत केला. ही नाही म्हणण्याची चैन पैशाने आणि नावाने येते. पण ज्यांच्याकडे दोन्ही नाही त्यांचे काय? २०२४ च्या मार्चमध्ये पालघरच्या शार्दुल ठाकूरने तामिळनाडूविरुद्ध रणजी उपान्त्य सामन्यात शतक ठोकल्यावर जे सांगितले ते या दृष्टीने मोलाचे आहे. सामन्यांमध्ये तीनच दिवसांचे अंतर ठेवून असे दहा सामने मुलांना आणखी दोन हंगाम खेळावे लागले तर देशभर दुखापती होतील, असा त्याचा इशारा होता. आंतरराष्ट्रीय खेळाडूने रणजीतल्या अनामिक गोलंदाजासाठी बोलावे, हे क्वचितच घडते. पुढच्या हंगामात ती स्पर्धा दोन टप्प्यांत विभागली गेली. पण त्या गोलंदाजाला स्वतः बोलायचे झाल्यास त्याने कोठे जावे? २०१९ साली स्थापन झालेली भारतीय क्रिकेटपटूंची संघटना माजी खेळाडूंची आहे. खेळत्या खेळाडूंची संघटना आपल्याकडे नाही.

मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी १८९० साली मिळाली ती मालकांच्या दयेने नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे सभा घेतल्या, अर्ज केले. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि जादा कामाला दुप्पट मजुरी ठरवली. कोणता कामगार दणकट आणि कोणता अशक्त, हे त्या कायद्याने विचारले नाही. आज क्रिकेटमध्ये विश्रांती दिली जाते ती मोठ्या खेळाडूला, वैद्यांच्या आणि निवड समितीच्या मर्जीने; म्हणून ती लोकांना कौतुकाचा लाड वाटते. ती सर्वांना लागू असलेला नियम झाली, आंतरराष्ट्रीय गोलंदाजाइतकीच रणजीतल्या आणि एकोणीस वर्षांखालच्या गोलंदाजालाही मिळू लागली, तर बुमराहकडे कोणी संशयाने पाहणार नाही. इंग्लंडमध्ये लहान वयाच्या वेगवान गोलंदाजांनी एका दमात आणि एका दिवसात किती षटके टाकावीत याला मर्यादा आहेत. अमेरिकेत शाळकरी मुलांच्या बेसबॉलमध्ये २००७ पासून चेंडू मोजले जातात.

नियम कोण करणार, असे विचारले जाईल. हार्डिन यांच्या सिद्धान्तावर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जन्मभर काम केले आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. कुरण वापरणारे लोक एकत्र बसून, एकमेकांवर लक्ष ठेवून ते राखू शकतात, हे त्यांनी जगभरच्या गावांतून दाखवून दिले. आमच्याकडच्या गावकीला हे नवे नाही.

तो मुलगा आता बरा आहे. एक हंगाम तो खेळला नाही. नुसता गुण लिहायला बसत असे. मध्यंतरी तो घरी आला होता. या हंगामासाठी तीन संघांनी त्याला विचारले आहे. स्पर्धेच्या नियमावलीत एक कलम घालता येईल का, असे त्याने विचारले: कोणत्याही गोलंदाजाने, तो कितीही संघांकडून खेळो, एका दिवसात अमुक षटकांपेक्षा अधिक टाकू नयेत, आणि त्याची नोंद सर्व गुणलेखकांनी एकाच वहीत ठेवावी. आम्ही दोघांनी बसून मसुदा केला. आकडा किती घालायचा यावर बराच वेळ गेला. तो आठ म्हणत होता, मी सहा. शेवटी सहा लिहिले. दिवाळीत मुंबईकर मंडळी गावी आली की बैठक होईल. कागद त्याच्याकडेच दिला आहे.