प्रथिनांच्या कोशकर्त्या : मार्गारेट डेहॉफ

माळेत मणी ओवावेत त्याप्रमाणे प्रथिनात २० प्रकारची अमिनो आम्ले ठराविक क्रमाने जोडलेली असतात. १९५० च्या दशकापासून हे क्रम उलगडू लागले. परंतु ते निरनिराळ्या नियतकालिकांत विखुरलेले होते. ते एकत्र आणण्याचे कार्य अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ मार्गारेट डेहॉफ (१९२५-१९८३) यांनी अंगीकारले.

१९६५ साली त्यांनी सहकाऱ्यांसह ६५ प्रथिनांचा संग्रह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. गणकयंत्राच्या सोयीसाठी प्रत्येक आम्लास त्यांनी एकेक अक्षर नेमून दिले. दोन प्राण्यांतील एकाच प्रथिनाचे क्रम शेजारी मांडले असता, त्यांतील फरकांवरून त्या प्राण्यांचे नाते किती जवळचे आहे याचा अंदाज बांधता येतो. अशा तुलनेसाठी त्यांनी कोष्टकेही रचली.

इतरांचे शोध गोळा करणे म्हणजे संशोधन नव्हे, असा समज त्या काळी रूढ होता. १९८२ मध्ये डीएनए-क्रमांच्या राष्ट्रीय संग्रहाचे कामही त्यांच्या संस्थेस न मिळता अन्यत्र गेले. तथापि, त्यांच्या पश्चात २००२ साली त्यांच्या संग्रहाचा वारसा ‘युनिप्रॉट’ या जागतिक प्रथिनकोशात समाविष्ट झाला. आज नवे प्रथिन हाती येताच संशोधक त्याचे आप्त प्रथम अशा कोशातच शोधतो.