दम आणि धास्ती

परीक्षेपूर्वी आम्हां विद्यार्थ्यांची छाती धडधडते. निकाल लागला की ती निवळते. आमच्या भोपाळात आज वृद्ध झालेल्या गॅसपीडितांच्या चिंतेस मात्र निकालाचा दिवस नाही. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू पसरला. १९८५ मध्ये पीडित वस्त्यांतील दवाखान्यांत ८५५ रुग्ण तपासले, तेव्हा १९३ जणांस मनोविकार आढळले. त्यांत विषण्णता व चिंता यांचेच प्राबल्य होते. दम लागताच ती रात्र आठवावी, भयाने श्वास जलद व्हावा, आणि वाढलेल्या दमाने भय दुणावावे, असा हा फेरा! त्यात आप्तवियोग व उद्याची अनिश्चितता. पुढे बंगळूरच्या मानसोपचारतज्ज्ञांनी येथील सामान्य डॉक्टरांस मनोविकार ओळखण्याचे शिक्षण दिले. कारण रुग्ण छातीची तक्रार सांगत, मनाची नव्हे.