बापाचा रंग, आईचा रंग

गावरान कोंबडी ओळखायची कशी, याचं उत्तर अकोल्यात मोर्णाकाठच्या जुन्या शहरात चटकन मिळतं: रंगावरून. पांढरी ती फार्मची. तांबडी, काळी, कबरी ती गावरान. आखाडात तर हा रंगच भाव ठरवतो.

हे गणित मोडायला एक परदेशी कोंबडी पुरेशी आहे. डेलावेअर तिचं नाव. अंग पांढरंशुभ्र, मान, शेपूट आणि पंखांच्या टोकांवर काळे-पांढरे पट्टे. आपल्या हिशेबानं ती निम्मीअधिक 'फार्मची', पण अंडं मात्र तपकिरी घालते. उलट मिनॉर्का ही काळीकुट्ट कोंबडी पांढरं अंडं देते. पिसांचा रंग, कवचाचा रंग आणि बलकाचा रंग ही तीन वेगळी खाती आहेत. पहिली दोन आनुवंशिक, पण वेगवेगळ्या जनुकांच्या हाती. तिसरं मुख्यतः खाद्यावर चालतं. हिरवा पाला, पिवळा मका खाणाऱ्या कोणत्याही कोंबडीचा बलक गडद होतो.

डेलावेअरचा जन्म १९४० सालचा, अमेरिकेच्या डेलावेअर राज्यातल्या ओशन व्ह्यू या गावचा. याच गावात १९२३ मध्ये सेलिया स्टील या बाईंनी ५० पिल्लं मागवली आणि चुकून ५०० आली. त्यांनी ती मांसासाठी वाढवून विकली आणि तिथला ब्रॉयलरचा धंदा उभा राहिला. पुढे जॉर्ज एलिस या पैदासकारांनी पट्टेदार प्लायमाउथ रॉक कोंबडे न्यू हॅम्पशायरच्या तांबड्या कोंबड्यांवर सोडले, तेव्हा अधूनमधून फिकट रंगाची पिल्लं निघू लागली. दुसऱ्या कुणी ती बाजूला काढून विकून टाकली असती. एलिस यांनी ती जपली. कारण रोकडं होतं: काळ्या पिसांचे खुंट सोललेल्या कातडीत दिसतात आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं, पांढऱ्या पिसांचा मागमूस राहत नाही. १९५२ मध्ये या जातीला अधिकृत मान्यता मिळाली खरी, पण तोवर कॉर्निश आणि पांढऱ्या रॉकचा संकर पुढे निघाला होता. काही वर्षांतच डेलावेअर हौशी लोकांपुरती उरली.

पिसांत रंग भरणारी मुख्य द्रव्यं दोनच, काळं आणि तांबूस. डेलावेअरमध्ये एक जनुक तांबूस द्रव्य बंद करतं. त्याला चंदेरी म्हणतात. दुसऱ्या काही जनुकांमुळे काळा रंग मान-शेपटीपुरता उरतो. पट्टे पाडणारं जनुक आणखी वेगळं: पीस वाढत असताना रंगपेशींचं काम थांबतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा थांबतं.

खरी गंमत पुढे आहे. चंदेरी आणि पट्ट्यांचं, ही दोन्ही जनुकं लिंग ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावर बसलेली. माणसाच्या उलट, कोंबड्याकडे झेड दोन आणि कोंबडीकडे एकच. हा एकुलता झेड ती फक्त मुलग्यांना देते. मुलींना झेड मिळतो तो बापाकडून. म्हणून तांबडा कोंबडा आणि डेलावेअर कोंबडी अशी जोडी लावली, की अंड्यातून फिकट पिल्लू निघालं तर तो नर आणि तांबूस निघालं तर ती मादी. तलंगा पाळायच्या की कोंबडे विकायचे, हा निर्णय पहिल्याच दिवशी होतो. जोडी उलटी लावली, तर जवळपास सगळीच पिल्लं फिकट.

यासाठी डेलावेअरच हवी असं नाही. तिच्या घराण्यातली आजी, ऱ्होड आयलंड रेड, परसातल्या कुक्कुटपालनाच्या निमित्तानं महाराष्ट्रात कधीचीच पोचली आहे. तिचा तांबडा कोंबडा पट्टेदार प्लायमाउथ रॉक कोंबडीवर सोडला, तर काळसर पिल्लांपैकी डोक्यावर पांढुरका ठिपका असलेले नर आणि ठिपका नसलेल्या माद्या. पण कबरी म्हटली की ती पट्टेदारच असेल असं नाही. ठिपक्यांच्या कोंबडीवर हे चालणार नाही. शिवाय ही युक्ती एकाच पिढीची. त्या पिल्लांचा आपसात संकर झाला, की रंगावरून नर-मादी सांगता येत नाही.

अकोल्यापुरतं विचाराल, तर मला पिसांच्या रंगापेक्षा पिसांचं प्रमाण महत्त्वाचं वाटतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते. या धापांमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि अंड्याचं कवच पातळ पडतं. अशा हवेत उघड्या मानेची कोंबडी तग धरते. दिसायला अवलक्षणी, म्हणून लोक तिला टाळतात. पण तिच्या अंगावर पिसंच कमी असल्यानं उष्णता बाहेर पडायला वाट मिळते. मान उघडी ठेवणाऱ्या जनुकाची एकच प्रत असेल तर मानेच्या पुढच्या बाजूला पिसांचा झुपका उरतो. दोन असतील तर तोही जवळजवळ जातो आणि अंगावरची पिसं सुमारे ४० टक्क्यांनी घटतात. पैदाशीचा कोंबडा निवडताना तुऱ्याआधी त्याचा गळा पाहावा.