कॅसेटमधलं १९४२

व्हिडिओ गेमची ती कॅसेट पिवळ्या रंगाची होती. वरच्या चित्रात कॉन्ट्रा या गेमचे दोन उघडेबंब सैनिक, त्यांच्यामागे एक लढाऊ विमान आणि ठळक आकडा: ९९९९९९ इन १. १९९६च्या उन्हाळ्यात आत्याने परभणीच्या बाजारातल्या एका दुकानातून ती आणली. आत्याचं घर मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या क्वार्टर्समध्ये होतं. मी आणि आतेभावाने जमिनीवर चादर अंथरली, रिमोट जोडले आणि यादी पहिल्या पानापासून वाचायला घेतली. तिसऱ्या पानापासून तेच ते खेळ नाव बदलून परत यायला लागले. एकच खेळ कुठे पहिल्या टप्प्यापासून सुरू व्हायचा, कुठे पाचव्या. खरोखर वेगळे असे खेळ दोन्ही हातांच्या बोटांवर मोजण्याइतके. कॉन्ट्रा त्यात नव्हताच. विमानाचा गेम मात्र होता, १९४२.

आमची सगळी आशा त्या विमानावर होती. खेळ सुरू झाला आणि टीव्हीतून टिट-टिट, टिट-टिट असा आवाज यायला लागला. गाणं नाही, चाल नाही, तार ऑफिसात कट्ट-कडकट्ट चालायचं तशी नुसती टिकटिक. खालचा समुद्र धक्के खात सरकत होता. शत्रूची पाच-सहा विमानं एका रांगेत आली की त्यातलं एखादं गायब व्हायचं, आणि जे दिसत नव्हतं त्याचीच गोळी नेमकी आपल्याला लागायची. आतेभावाने कॅसेट काढून फुंकर मारली, अडॅप्टर उपटून परत लावला, टीव्हीचं चॅनल पुन्हा लावून बघितलं. फरक शून्य. शेवटी तो म्हणाला, "आपल्याकडं असाच माल येतो. पुण्यात खरा मिळत असंल."

हे वाक्य मला पुढे कितीतरी वर्षं खरं वाटत होतं. चांगली वस्तू दुसरीकडे असते आणि तिची उतरलेली आवृत्ती परभणीला येते, ही समजूत मराठवाड्यातल्या मुलांना कुणी शिकवावी लागत नसे.

त्या खेळाचा माग मी अलीकडे नीट काढला. मूळ १९४२ हा जपानच्या कॅपकॉमने १९८४ साली आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून उभ्याने खेळायच्या यंत्रासाठी काढला. तो रचला योशिकी ओकामोटो यांनी; त्याआधी कोनामी या कंपनीत असताना टाइम पायलट हा खेळ त्यांनीच केला होता. जपानी कंपनीच्या या खेळात खेळाडू अमेरिकेचं पी-३८ विमान उडवतो आणि टोकियोच्या दिशेने निघतो, कारण कंपनीला पाश्चात्त्य गिऱ्हाईक हवं होतं. मिडवेपासून ओकिनावापर्यंत आठ ठिकाणं, प्रत्येकी चार टप्पे, एकूण ३२. मोजणी उलटी: ३२ पासून १ पर्यंत. संकटात विमानाला कोलांटी मारता येते, पण मोजक्याच वेळा. ही कोलांटी केव्हा वापरायची आणि केव्हा राखून ठेवायची, यातच खेळाची सगळी गंमत आहे. रचना म्हणून हा खेळ आजही मला उत्तम वाटतो.

घरी बसून खेळायची आवृत्ती निन्टेंडोच्या फॅमिकॉम या यंत्रासाठी १९८५च्या डिसेंबरात आली; आमचं यंत्र त्याचीच नक्कल. हे काम कॅपकॉमने मायक्रोनिक्स या कंत्राटी कंपनीला दिलं होतं. खेळाची पडझड इथे झाली. आर्केडचा पडदा उभा होता, टीव्हीचा आडवा. त्यामुळे समोरून येणारं विमान दिसल्यावर वळायला मिळणारी जागाच आखडली. फॅमिकॉमला एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रं दाखवता येतात, नववं त्या ओळीत उमटत नाही. आमची विमानं गायब व्हायची ती अशी. पण ही मर्यादा सगळ्यांनाच होती, आणि तरीही इतरांनी त्याच यंत्रावर लोण्यासारखे सरकणारे खेळ करून दाखवले. धक्के खाणारा समुद्र आणि ती टिकटिक यांचं खापर यंत्रावर फोडता येत नाही. ते काम घाईचं आणि कच्चं होतं, असं मी स्पष्ट म्हणेन.

म्हणजे टोकियोतल्या ज्या मुलाने दुकानातून अस्सल, डबाबंद १९४२ घेतला, त्यालाही तोच टिट-टिट ऐकू आला. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीमुळे सेकंदाला ६०ऐवजी ५० चित्रं, म्हणून आमचा खेळ जवळजवळ सहाव्या हिश्शाने हळू चालायचा, एवढाच काय तो फरक. बाकी परभणीला आलेला माल उतरलेला नव्हता. तो मुळातच तसा होता.

मग जगातल्या एवढ्या खेळांतून नेमका हाच आमच्या वाट्याला का आला? याचं उत्तर कॅसेटच्या पोटात आहे. मी ती स्क्रू काढून उघडली. आत तळहाताहून लहान हिरवी पट्टी आणि तिच्यावर डांबराचा थेंब पडावा तसा काळा गोळा, त्याखाली चिप, एवढंच. १९४२ हा फक्त ४० केबीचा खेळ: ३२ केबी प्रोग्रॅम, ८ केबी चित्रं. फॅमिकॉमला एका दमात दिसू शकतं तेवढंच. कॉन्ट्राची अमेरिकी आवृत्ती १२८ केबीची. तिला पानं उलटून देणारी जादा जोडणी लागते, म्हणजे खर्च आला. नकली कॅसेट करणारे म्हणूनच गॅलेक्सियन, बॅटल सिटी, १९४२ असे आटोपशीर खेळ उचलायचे. चांगला की वाईट हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच. मावतो की नाही, एवढंच ते बघत.

आम्ही मात्र तो खेळ सोडला नाही. पैसे मोजलेले होते, आणि बाहेर परभणीचं ऊन होतं. आतेभावाने दुसऱ्याच दिवशी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला. स्वयंपाकघरातून परात आणून पालथी घातली, आणि मी खेळत असताना तो तिच्यावर दोन चमच्यांनी लष्करी ताशा वाजवायचा, मधेच ओठांनी शीळ घालायचा. कोलांटी मारली की परातीवर एक जोरदार ठोका. दुपारची झोप मोडली म्हणून आत्या ओरडायची. लाइट गेली की खेळ पुन्हा ३२ पासून, कारण कुठे पोचलो ते जपून ठेवायची सोय त्यात नव्हती. एकदा आम्ही ११ पर्यंत उतरलो होतो.

गेल्या वर्षी मूळ आर्केड यंत्राचं चित्रण मला पहिल्यांदा आवाजासकट पाहायला मिळालं. त्यात ताशा होता. सैन्याची कवायत चालते तसा कडक ताशा आणि त्यावर शिट्टीसारखी चाल. मी ते तसंच आतेभावाला पाठवलं. तो आता सेलूला असतो. पाच मिनिटांत त्याचा फोन आला. तो काही बोललाच नाही. पलीकडून नुसता स्टीलच्या ताटावर चमच्यांचा आवाज येत होता.