अभ्यासाच्या पानांवर हक्क कोणाचा?

दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील एका लहानशा छायाप्रतींच्या दुकानावर व दिल्ली विद्यापीठावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आदी मातब्बर प्रकाशकांनी 2012 साली दावा लावला. प्राध्यापकांनी नेमलेली निरनिराळ्या ग्रंथांतील प्रकरणे तेथे एकत्र बांधून विद्यार्थ्यांस मिळत. एका प्रकरणासाठी अख्खा महागडा ग्रंथ विकत घेणे कितीजणांस परवडावे? दावा सोडावा, असे खुद्द अमर्त्य सेन यांनीही प्रकाशकांस सुचविले. ग्रंथकाराची बाजू ती प्रकाशकाचीच असे नव्हे!

1957 च्या कॉपीराइट कायद्याचे 52 वे कलम शिक्षकास व विद्यार्थ्यास अध्यापनाच्या ओघात प्रत करण्याची मुभा देते. हा ओघ वर्गाच्या चार भिंतींतच संपतो, असे प्रकाशकांचे म्हणणे. ते 2016 साली उच्च न्यायालयाने अमान्य केले. कायद्यात पानांची टक्केवारी नाही. अध्यापनास जेवढे अवश्य तेवढे घ्यावे, हीच कसोटी, असे खंडपीठाने ठरविले आणि त्या कसोटीवर ते संच तपासण्यासाठी दावा परत पाठविला. परंतु 2017 साली प्रकाशकांनीच तो काढून घेतला. त्यामुळे अमुक प्रकरण खरोखरच अवश्य होते काय, याचा निवाडा झालाच नाही. तो विवेक ते नेमणाऱ्या प्राध्यापकाकडेच राहिला आहे.