ओट्यापुढचा पाट

पुण्यातल्या आमच्या फ्लॅटचे स्वयंपाकघर २०२१ साली नव्याने करायला काढले. पहिल्याच दिवशी सकाळी ओट्याचा कडप्पा निघाला. गवंड्याच्या हाताखालचा मुलगा राडारोडा पोत्यात भरत होता. ओट्याच्या पायथ्याशी पडलेला एक जुना लाकडी पाट त्याने उचलला आणि मला विचारले, "साहेब, हा टाकायचा ना?" मी मान डोलावली. तेवढ्यात हॉलमधून बायकोचा आवाज आला, "थांब रे, तो ठेव. त्याच्यावर उभी राहूनच तेहेतीस वर्षं स्वयंपाक केलाय मी."

तो पाट मी रोज पाहत होतो. फरशी गार लागते म्हणून ती पाटावर उभी राहते, असा माझा समज होता. खरी गोष्ट त्या दिवशी कळली. ओट्याची उंची चौतीस इंच आणि बायकोची उंची चार फूट दहा इंच. कणीक मळायची तर तिचे खांदे वर चढायचे, उंच पातेल्यात डाव घालायचा तर टाचा उचलाव्या लागायच्या. १९८८ साली बिल्डरच्या माणसाने मला विचारले होते, "साहेब, ओटा किती उंच ठेवायचा?" मी म्हटले होते, "नेहमीचा." तो नेहमीचा कोणाचा, हे त्यानेही विचारले नाही आणि मीही नाही. घरात राहायला गेल्यावर आठच दिवसांत तिने माळ्यावरचा पाट काढला, ओट्यापुढे ठेवला आणि प्रश्न आपल्यापुरता सोडवून टाकला.

यातली गंमत अशी, की स्वयंपाकघराचा जाणकार म्हणून मला थोडीफार कीर्ती आहे. नोकरी बँकेत केली, पण हौस लिहिण्याची. १९९८ साली माझी एक कादंबरी आली. तिच्यात साताऱ्याच्या वाड्यातल्या स्वयंपाकघरावर एक अख्खे प्रकरण आहे. वाचकांची सगळ्यात जास्त पत्रे त्याच प्रकरणासाठी आली. "आमच्या आजोळची चूल डोळ्यांपुढे उभी राहिली," असे कितीतरी जणांनी लिहिले. पत्रे बहुतेक पुरुषांची होती, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

ते स्वयंपाकघर मला अजून डोळे मिटून दिसते. शेणाने सारवलेली जमीन, कोपऱ्यात चूल, चुलीला लागून वैल. चुलीवर भाकरी आणि वैलावर मंद आचेला आमटी. भिंतीत फडताळ, त्याच्या शेजारी दूधदुभत्याचे जाळीचे कपाट, वर आढ्याला टांगलेले शिंके. दुसऱ्या कोपऱ्यात मोरी आणि मोरीच्या कठड्यावर पितळेची घासलेली कळशी. वर्षातून दोनदा कल्हईवाला आला की पातेल्यांची पोटे चांदीसारखी चमकायची. भाकरी चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यांसमोर उभी केली की फुगायची आणि ती पहिली भाकरी कोणाला, यावर आम्हा भावंडांची भांडणे व्हायची. हे सगळे मी त्या प्रकरणात लिहिले.

आई तेव्हा आमच्याकडेच राहत होती. तिने चष्मा लावून दोन दुपारींत ते प्रकरण वाचून काढले. मी वाट पाहत होतो. पुस्तक मिटून ती म्हणाली, "छान लिहिलंयस. पण अरे, धूर कुठाय यात?"

मी म्हटले, "आहे की. पान उलटल्यावर 'धुराचा खरपूस वास' असं लिहिलंय."

ती हसली. म्हणाली, "तो तुला. तू दारात बसून भाकरी खायचास."

मग तिने सांगितले. साताऱ्याचा पावसाळा, भिजकी लाकडे, खिडकीच्या जागी वीतभर झरोका. फुंकणीने फुंकून फुंकून डोळ्यांत पाणी यायचे आणि ते पुसायला हात मोकळा नसायचा. पहाटे उठून राख काढायची, पोतेरे फिरवायचे, मग चूल पेटवायची. बाळंतपणानंतर सव्वा महिन्याने ती पुन्हा त्याच धुरात बसली. तिचा खोकला आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. 'आईचा खोकला' हा घरातला एक आवाजच होता, घड्याळाच्या टोल्यांसारखा. तो चुलीतून आला असेल, अशी शंकाही कोणाला आली नव्हती. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते, की घरातल्या चुलींच्या आणि तत्सम इंधनांच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली. हा आकडा वाचला तेव्हा मला टोले आठवले. आई २००३ साली गेली.

तेव्हापासून एक गोष्ट मी मनाशी बांधून ठेवली आहे. जुन्या स्वयंपाकघराच्या आठवणीने ज्यांचा गळा दाटून येतो, त्यांतल्या बहुतेकांनी तिथे स्वयंपाक केलेला नसतो. ते तिथे जेवलेले असतात.

चूल गेली ती एकदम नाही. आधी वातीचा स्टोव्ह आला, मग पंपाचा. पंपाच्या स्टोव्हला पिन मारणे हे आमच्या घरी मुलांचे काम होते आणि त्याचा भडका उडेल ही धास्ती आईची. स्टोव्ह आला तशी रॉकेलची रांग आली. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने हजारो बायका हातात लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर आल्या. धान्य, तेल, साखर, रॉकेल ही त्यांची मागणी. लाटणे मोर्चा म्हणून तो आजही ओळखला जातो. स्वयंपाकघरातली वस्तू हातात घेऊन बाई बाहेर आली, तेव्हा कुठे सरकारला आत काय चालले आहे ते ऐकू आले. एरवी फुंकणीचा आवाज उंबऱ्याबाहेर जात नाही.

मग गॅस. मुंबईत बर्मा शेलचा बर्शेन १९५० च्या दशकातच मिळू लागला होता आणि इंडियन ऑइलचा इंडेन १९६५ साली कलकत्त्यात सुरू झाला. पण मध्यमवर्गाच्या घराघरांत तो पोचायला पुढे वीस-पंचवीस वर्षे लागली. नंबर लावायचा आणि विसरून जायचे. खासदारांच्या कोट्यातली कुपने मिळवण्यासाठी भलेभले खेटे घालत. सिलिंडर घरी आला की त्याला हळदकुंकू लावणारी घरे मी पाहिली आहेत.

या गॅसने आणखी एक मोठा बदल केला, त्याची नोंद फारशी कोणी घेतली नाही. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी, हा सुरक्षिततेचा नियम. म्हणजे सिलिंडर खाली आणि शेगडी वर. त्यासाठी ओटा आला, आणि शतकानुशतके बसून स्वयंपाक करणारी बाई उभी राहिली. बसून रांधताना उंचीचा प्रश्न फारसा येत नाही. पाटावर बसले की उंच काय, बुटकी काय, चूल सगळ्यांच्या हाताशी. उभे राहिल्यावर मात्र दोन-तीन इंचांनीही फरक पडतो. जाणकार सांगतात, की ओटा दुमडलेल्या कोपराच्या चार-पाच इंच खाली असावा. म्हणजे जिचा ओटा, तिचे कोपर मोजायला हवे. आमच्याकडे मोजला गेला तो कडप्पा.

बँकेत असताना मी शेकडो गृहकर्जे तपासली. नकाशावर हॉल मोठा, मग शयनगृहे, आणि उरलेल्या जागेत आठ बाय सातचे स्वयंपाकघर. त्याची खिडकी बहुधा डक्टमध्ये उघडणारी. आम्ही चटईक्षेत्र पाहायचो, टायटल पाहायचो, पगाराची चिठ्ठी पाहायचो. सहकर्जदार म्हणून बायकोची सही घेताना "इथे, आणि इथे" असे म्हणून फुल्या दाखवायचो. पुढे घरदुरुस्तीची कर्जे सुरू झाली. त्यांच्या अर्जांतही क्रम ठरलेला असे. आधी हॉलची फरशी, मग बाथरूम, मग फर्निचर. स्वयंपाकघर शेवटी, पैसे उरले तर. पाहुणे जिथे बसतात ती जागा आधी आणि घरातले माणूस जिथे दिवसाचे पाच-सहा तास उभे असते ती नंतर. यात माझे काही चुकते आहे, असे तेव्हा वाटले नाही. आमच्याकडेही रंगीत टीव्ही आला, सोफा दोनदा बदलला. पाट तिथेच होता.

या कामाचा कोणी आधी विचार केलाच नव्हता, असे नाही. जर्मनीत पहिल्या महायुद्धानंतर घरांची फार टंचाई होती. फ्रँकफर्ट शहराने कामगारांसाठी वसाहती बांधायला घेतल्या. त्यांच्यासाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या स्थापत्यविशारद बाईने १९२६ साली एक स्वयंपाकघर आखले. दोन मीटरहून थोडे कमी रुंद आणि साडेतीन मीटरच्या आत लांब. चुलीपासून मोरीपर्यंत किती पावले, कोणती वस्तू किती वेळा लागते, याचा हिशेब करून प्रत्येक गोष्टीला जागा दिली. बसून भाजी चिरता यावी म्हणून खिडकीशी पाटा आणि स्टूल. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. आजच्या ट्रॉली-कपाटांच्या मॉड्यूलर किचनचे मूळ तिथे आहे. पण त्यालाही नावे ठेवली गेली. जागा एका बाईपुरतीच, दुसरे कोणी मदतीला आत शिरू शकत नव्हते. पावले वाचली, पण एकटेपण वाढले.

हे एकटेपण मी आईच्या बाबतीत पाहिले. १९९१ साली ती आमच्याकडे राहायला आली. धूर नाही, राख नाही, नळाला पाणी. ती म्हणायची, "राज्य आहे तुम्हा मुलींचं." पण तिला तासन्‌तास उभे राहवत नसे आणि त्या आठ बाय सातमध्ये विळी घेऊन बसायला जागा नव्हती. साताऱ्याला दुपारी दोघी-तिघी शेवया करायला, पापड लाटायला बसत. बोलता बोलता कोणाच्या सासूचे, कोणाच्या लेकीचे सगळे निघे, डोळे पुसले जात. चुलीबरोबर तेही गेले. नव्या स्वयंपाकघरात आई दाराशी खुर्ची टाकून बसायची आणि बायकोच्या पाठीशी बोलायची. जुने सगळे वाईट आणि नवे सगळे चांगले, असे म्हणायला म्हणूनच जीभ रेटत नाही.

आता आमच्या दुरुस्तीकडे येतो. तिचे निमित्तही स्वयंपाकघर नव्हतेच. मोरीचे पाणी खालच्या बिऱ्हाडात झिरपू लागले, सोसायटीचे पत्र आले, म्हणून फोडाफोड. त्याआधी दोन वर्षांपूर्वी, २०१९ मध्ये, बायको त्याच पाटावरून घसरून पडली होती. मनगटाचे हाड मोडले, सहा आठवडे प्लॅस्टर. तेव्हा मी काय म्हणालो होतो, ते लिहायला आज संकोच वाटतो. म्हणालो होतो, "जरा बघून पाय ठेवायला काय होतं?"

पाट बाजूला ठेवला गेला त्या दुपारी मिस्त्रीने फूटपट्टी काढली आणि सवयीने माझ्याकडे पाहून विचारले, "साहेब, ओट्याची हाईट?" मी बायकोकडे बोट दाखवले. मिस्त्री जरा गोंधळला. "काकू, तुम्ही सांगा." ती भिंतीशी उभी राहिली, हात कोपरात दुमडला, जणू समोर परात आहे. मिस्त्रीने भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. एकतीस इंच.

तिने आणखी तीनच गोष्टी मागितल्या. खिडकी हॉलच्या बाजूला उघडी हवी, म्हणजे बोलणे ऐकू येईल. मिठाची बरणी खांद्याच्या खाली हवी. आणि एका टोकाला बसून भाजी निवडता येईल एवढी बुटकी बैठक. चिमणी, ग्रॅनाइट, आवाज न करता मिटणारे ड्रॉवर हे सगळे माझ्या आणि मुलीच्या हौसेचे. खर्चाचा आकडा पाहिला तर तिच्या मागण्या त्यात शोधाव्या लागतील. वाईट याचे वाटते, की त्या १९८८ मध्येही तेवढ्याच स्वस्त होत्या.

मी तिला विचारले, "अगं, इतकी वर्षं बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं. आणि पाट होता की." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आईंनी चुलीपुढे काढली. मला निदान गॅस होता. तक्रार कशाची करायची?"

बहुतेक घरांत हे असेच चालत आले असावे. प्रत्येक पिढी मागच्या पिढीपेक्षा आपले बरे म्हणून गप्प बसते. तेव्हा वाचकहो, तुमच्या घरीही ओट्यापुढे एखादा पाट, एखादे स्टूल, एखादी घडी घातलेली सतरंजी असेल. गार फरशीसाठी आहे असे धरून चालू नका. विचारून पाहा.

आमचा पाट आता त्या बुटक्या बैठकीवर असतो. निवृत्तीनंतर सकाळचा चहा आणि संध्याकाळचा कुकर माझ्याकडे आला आहे. मी पाच फूट नऊ इंच. नवा ओटा मला चांगलाच ठेंगणा पडतो, भांडी घासताना कंबर भरून येते. परवा बायकोने विचारले, "पाठ दुखते का हो?" मी म्हटले, "छे." तेहेतीस वर्षे होऊ देत, मग सांगेन.