अंघोळीच्या पाण्याची चूल

घर उबदार कसं ठेवावं, हा प्रश्न वाशीमला फारसा कधी पडला नाही. पौषात काही दिवस शेकोटी पेटते, गोधडीवर गोधडी चढते आणि संक्रांत सरली की घर गार कसं ठेवावं याची काळजी सुरू होते. ब्रिटनचं सरकार गॅसचा बॉयलर काढून हीट पंप बसवायला २०२२ पासून पाच हजार आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून साडेसात हजार पौंड देतं, हे ऐकून इथल्या माणसाला गंमतच वाटेल. तिकडे गॅस घराबाहेर काढायला सरकारी पैसा, आणि त्याच दशकात आपल्याकडे तो घरात आणायला.

तरीही आच प्रत्येक घरात आहे. वाशीमच्या घरात ती तीन ठिकाणी भेटते: स्वयंपाकाची चूल, अंघोळीच्या पाण्याची चूल आणि उन्हाळ्यात तापणारं छत. गेल्या चाळीस वर्षांच्या योजना पाहिल्या तर सरकारची नजर पहिल्या चुलीवरून फारशी हलली नाही. दुसरीची विचारपूस क्वचितच झाली. छत तर सरकारी अनुदानातूनच बिघडत गेलं, असं माझं मत आहे.

सुरुवात ऐंशीच्या दशकातली. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्प आला, १९८३ मध्ये सुधारित चुलींचा कार्यक्रम. गोबरगॅस महाराष्ट्राने बऱ्यापैकी उचलला. गोठ्यात चार-पाच जनावरं, अंगणात जागा आणि पाण्याची सोय असलेल्या शेतकऱ्याचं काम झालं. लोखंडी टाकी गंजायची, म्हणून १९८४ मध्ये बिनलोखंडाचं ‘दीनबंधू’ मॉडेल निघालं. पण पुढे बैलजोडी जाऊन दारात ट्रॅक्टर आला, आणि शेणच आटलं तिथे मॉडेल कोणतंही असून उपयोग काय?

बिनधुराच्या चुलीचं नशीब आणखी खोटं. धुराडं काजळीने चोंदायचं आणि ते साफ करणं कोणाच्याच कामात बसत नव्हतं. चुलीचं तोंड ठरावीक मापाचं, तर जळण हातभर लांब. बाई स्वतः चूल घालते तेव्हा ती आपल्या तव्याच्या नि गंजाच्या मापाने घालते. योजनेची चूल आराखड्याच्या मापाने यायची. इंदिरा आवासच्या नियमांत तर घरकुलात शौचालय नसलं तर सहाशे आणि बिनधुराची चूल नसली तर शंभर रुपये कापायची तरतूद होती. शंभर रुपये कापून घेणं बहुतेकांना परवडायचं. २००२ मध्ये केंद्राने हा कार्यक्रम राज्यांच्या गळ्यात टाकला आणि तो हळूहळू विस्मरणात गेला.

या सगळ्या काळात खरं इंधन धोरण शेतात ठरत होतं. कपाशीची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटायची, बैलगाडीवर लादायची आणि घराच्या मागच्या भिंतीला गंजी रचायची. वर्षभराचं जळण फुकटात. पऱ्हाटी भडकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते, म्हणून चुलीपुढे कोणीतरी बसून सारत राहावं लागतं. तुराट्यांची गत थोडीफार तशीच. मग नव्वदीनंतर सोयाबीन वाढत गेलं आणि हा जिल्हा सोयाबीनचा झाला. सोयाबीनचं उरतं ते कुटार, ते चुलीत कसं घालणार? त्यात २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला आणि कृषी विभाग सांगू लागला की पऱ्हाटीच्या गंज्या घराजवळ ठेवू नका, अळी त्यात दडून राहते. सल्ला बरोबरच होता. पण ती गंजी म्हणजे त्या घराचं वर्षाचं जळण होतं, ही नोंद कृषी विभागाच्या पत्रकात कुठून असणार!

गॅस आला तो अशा वेळी. आधी शहरात आला होताच, रेशनकार्डावर शिक्का बसून रॉकेल कमी होण्याच्या अटीसह. १ मे २०१६ ला बलियातून उज्ज्वला योजना सुरू झाली, जोडणीमागे १,६०० रुपयांची मदत, जोडणी घरातल्या बाईच्या नावावर. वाशीम २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आलं, आणि १ जून ते १५ ऑगस्टच्या ग्रामस्वराज अभियानात सात योजना गावोगाव शंभर टक्के पोचवायचं ठरलं. त्यांत उज्ज्वला होती, घरोघर वीज देणारी सौभाग्य होती आणि एलईडी बल्बची उजालाही होती. पुढच्याच वर्षी, ७ सप्टेंबर २०१९ ला, देशातली आठ कोटीवी जोडणी दिली गेली ती औरंगाबादेत.

धूर कमी झाला, हे नाकारणं कृतघ्नपणा ठरेल. चहा, सकाळचा डबा, पाहुण्यांच्या पोह्यांचं काम गॅसवर आलं. पण २०१९-२० मध्ये उज्ज्वलाच्या घरात देशभराची सरासरी निघाली वर्षाला साधारण तीन सिलिंडरची, २०२२-२३ मध्ये पावणेचारच्या आसपास. पाच माणसांचा सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर सात-आठ तरी लागतात. मग सिलिंडरमागे आधी दोनशे, २०२३ च्या ऑक्टोबरात तीनशे रुपये अनुदान झालं, आणि २०२४ मध्ये राज्याच्या अन्नपूर्णा योजनेने वर्षाला तीन सिलिंडर मोफत केले. जेवढे लोक घेत होते, जवळपास तेवढेच.

बाकीची आच कुठली, ते पाहायला पहाटे घराच्या मागे जावं. तिथे तीन दगडांवर काळाकुट्ट गंज चढलेला असतो आणि खाली तुराट्या, काटक्या, जुनं खोकं, जे मिळेल ते. एका माणसाला पंधरा लिटर पाणी धरा, वीस अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायचं. पाच जणांचं पाणी गॅसवर तापवलं तर एक सिलिंडर निव्वळ त्यातच साधारण पन्नास दिवसांत संपतो. हा हिशेब कोणत्या बाईने कागदावर मांडला नाही, पण सगळ्यांना तो येतो. म्हणून गॅस ओट्यावर राहतो आणि मागची चूल पेटतीच राहते. सौर बंब यावरचा सरळ उपाय होता. त्याला स्लॅब हवा, वर टाकी हवी, बोअरच्या क्षारांनी नळ्या भरल्या तर साफ करणारा माणूस हवा. शहरातल्या बंगल्यांवर तो बसला, आणि २०१४ मध्ये केंद्राचं अनुदानही थांबलं.

आता छत. जाड मातीच्या भिंतींची, धाब्याची घरं मे महिन्यातही दुपारी झोपू देत. त्यांची दुरुस्ती दर पावसाळ्याआधी, आणि ती जाणणारी माणसं घटत गेली. त्या जागी टिनं आली, मग घरकुलाचा स्लॅब. साप-विंचवाची, गळतीची भीती गेली, हे मोठंच. पण बिनअस्तराचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री खालच्या खोलीत आच सोडत राहतो. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने घरांसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. छतातून किती उष्णता आत यावी, याची मर्यादा तीत आहे आणि उघडा स्लॅब त्या मर्यादेत बसत नाही. मात्र संहिता लागू होते पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरच्या इमारतींना. प्रधानमंत्री आवासचं घरकुल पंचवीस चौरस मीटरचं, एक लाख वीस हजारांचं. ज्या घरांचा पैसा सरकार स्वतः देतं, ती घरं सरकारच्याच नियमाबाहेर! तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरण आणून गरिबांच्या घरकुलांनाही त्यात ओढलं. आपल्याकडे गच्चीवर चुन्याचे दोन हात मारायचे ते ज्याने त्याने आपल्या अकलेने.

५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधान जिल्ह्यातल्या पोहरादेवीला आले, तेव्हा राज्यातल्या शेतीपंपांसाठीच्या एकूण १९ मेगावॅटच्या पाच सौर प्रकल्पांचं लोकार्पण झालं. घरांसाठीची सूर्यघर योजना त्याच वर्षी फेब्रुवारीत सुरू झाली होती: एक किलोवॅटला तीस हजार, दोनला साठ, तीन नि पुढे अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान. आणि २०२५ मध्ये राज्याने घरकुलाचं अनुदान पन्नास हजारांनी वाढवताना त्यातले पंधरा हजार छतावर सौर संच बसवणाऱ्यासाठी राखले. घरकुलाचं छत आणि घराची ऊर्जा एका कागदावर आली आहेत. एक किलोवॅटच्या संचातून महिन्याला साधारण १२० युनिट निघतात. पाच जणांच्या अंघोळीच्या पाण्याला हिवाळ्यात विजेचा रॉड लावला तर सत्तर-पंच्याहत्तर युनिट लागतात, रात्रभर दोन पंख्यांना पंचेचाळीस. ग्रामसेवकाने अर्ज भरून घेताना एवढी बेरीज लाभार्थ्याच्या घरच्या बाईसमोर करून दाखवावी. टीव्ही आणि मोबाइलचं महावितरण पाहून घेईल.